चोरदरवाजाची किल्ली

माझ्या कादंबरीतली राणी फितूर आहे, हे मी पहिल्या पानापासून ठरवलेलं होतं. लिहिणाऱ्या माणसाला एवढा तरी अधिकार असावा. पण आखाडा बाळापूरच्या आमच्या घरात तो मला कधी मिळाला नाही, कारण त्या कादंबरीची एकमेव श्रोती माझी सासू होती आणि राणीला फितूर म्हणायला ती शेवटपर्यंत तयार झाली नाही.

कादंबरीतलं ते राज्य मला आबांनी दिलेलं. आबा म्हणजे माझे वडील. माझं माहेर शिरड शहापूर, आणि आबा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर नोकरीला होते. नव्वदच्या आसपास उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायची. वरून पाणी सुटलं असं कळलेलं असायचं, पण ते आमच्यापर्यंत पोचायला दिवस जायचा, आणि तोवर आबांना कालव्याच्या भरावावर बाभळीखाली बसून राहण्यापलीकडे काम नसायचं. मग ते गोष्ट सांगायचे. एक डोंगरवाल्यांचं घराणं, एक नदीवाल्यांचं, आणि मध्ये दोन्हीकडे हसून राहणारी लहानसहान घराणी. एक घोडा होता, त्याची सावली पडत नसे. एक शपथेचा धोंडा होता, त्यावर हात ठेवून कुणी खोटं बोललं की तळहात भाजून निघे. एवढा धोंडा असूनही त्या राज्यात कोण कुणाचा माणूस आहे हे कुणाला धड कळायचं नाही. स्वयंपाकी नदीवाल्यांचा निघायचा, माहूत डोंगरवाल्यांचा, आणि राजगुरू तर एकाच वेळी दोघांचा. आबा नेमके तिथेच थांबायचे, डबा उघडायचे आणि मला विचारायचे, आता सांग, फितूर कोण?

मी दर वेळी चुकायची. आबा म्हणायचे, "तू मानसाचं तोंड पाहून राहिली. त्याला जेवू कोण घालतंय ते पाह्य."

लग्न होऊन मी बाळापूरला आले तेव्हा हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि आमचे मामंजी, म्हणजे सासरे, नव्या जिल्ह्यात आपली खुर्ची कुठे लागेल या विचारात होते. माझं डी.एड. झालेलं होतं, नोकरी नव्हती. दुपारी घर निजलं की मी लिहायला बसायची. कागद विकत आणायची गरज नव्हती. मामंजींच्या मागच्या निवडणुकीतली पत्रकं गठ्ठ्यांनी माळ्यावर पडून होती आणि त्यांची एक बाजू कोरी होती. अशा रीतीने माझी राणी गडाच्या सज्ज्यात उभी राही तेव्हा तिच्या पाठीमागे मामंजी हात जोडून, फेटा बांधून, मत मागत उभे असत. पुढे जे झालं ते पाहता यातून मला काही कळायला हवं होतं. पण मला फक्त कागद फुकट मिळाल्याचा आनंद होता.

सासूला मी आत्याबाई म्हणते. आत्याबाईंना वाचता येत नाही. एके दिवशी त्या न निजता माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काय लिहून राहिली?"

"गोष्ट आहे आत्याबाई. मनानंच रचलेली."

"वाच."

मी वाचायला लागले आणि माझा छळ सुरू झाला. आमच्याकडे श्रावणात देवळात पोथी लागते तेव्हा एकजण वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. आत्याबाईंना ऐकण्याची हीच एक रीत माहीत होती. त्या पदर सावरून, मांडी घालून बसत, अध्याय अर्धा सोडू देत नसत, आणि मी श्वास घ्यायला थांबले की अर्थ सांगत. माझ्या कादंबरीचा अर्थ. मला.

कथानक असं होतं: डोंगरवाल्यांची मुलगी तहासाठी नदीवाल्यांच्या घरात दिली जाते. ती तिथली राणी होते, सगळ्यांची लाडकी होते, आणि वर्षानुवर्षं तिथली गुपितं बापाला कळवत राहते. शेवटी बापाची फौज गडाखाली येते, चोरदरवाजाची किल्ली राणीच्या कमरेला असते, आणि ती दार उघडते. तिच्यावर विश्वास ठेवणारं अख्खं घराणं बुडतं. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असा माझा बेत होता.

आत्याबाईंच्या अंगावर कधी काटा आला नाही. राणी कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधते असं मी मोठ्या हौसेने लिहिलं होतं, पूर्ण चंद्रप्रकाश वगैरे घालून. त्यांनी विचारलं, "कबुतर काहून? तिच्या माहेरून मुराळी येत न्हाई का?"

मी म्हटलं, राण्यांना न्यायला मुराळी येत नसतात.

"लेकीला न्यायला भाऊ आला की झालं ना. दोन दिवस माहेरी ऱ्हायली की सगळं सांगून होतंय. कबुतरं कशाला पाळायची."

मी कबुतरं खोडली. चिडून खोडली, पण खोडली, कारण त्या बराबर बोलत होत्या. मग शपथेच्या धोंड्याचा प्रसंग आला. राजाला संशय येतो आणि तो राणीला धोंड्यावर हात ठेवायला लावतो. मी तिला सुटण्यासाठी मंत्र दिला होता, मेणाचा हातमोजा दिला होता. आत्याबाईंना दोन्ही पटलं नाही. त्यांचं म्हणणं, धोंडा खोटं बोलणाराचा हात जाळतो ना, मग तिनं बोलूच नये. गप बसावं. गप बसलेल्या बाईला कोणता धोंडा काय करणार? माझे चार दिवसांचे कष्ट पाण्यात गेले आणि प्रसंग मात्र आधीपेक्षा चांगला झाला, याचा मला अजून राग आहे.

पण खरं भांडण फितूर या शब्दावरून होतं. मी तो वाचला की त्या हात वर करून मला थांबवत. "फितूर काहून म्हणती तिला? माहेरचं माहेरी सांगितलं. त्यात काय फितुरी?" मी म्हणायची, अहो, ती नदीवाल्यांचं अन्न खाते. त्या म्हणायच्या, रांधून खाती ना? फुकट खाती का? मी मनातल्या मनात दात-ओठ खात पुढचं पान उलटायची आणि मामंजी हात जोडून माझ्याकडे पाहत असायचे.

अशात साखर कारखान्याची निवडणूक लागली. कारखान्याचे सभासद दोन-तीन तालुक्यांत पसरलेले, त्यामुळे बाळापूर आणि शिरड एकाच आखाड्यात आले. मामंजी एका पॅनलमधून उभे राहिले. माझा मोठा भाऊ उभा नव्हता, पण तो समोरच्या पॅनलचं काम पाहत होता, जीप लावून गावोगाव फिरत होता.

त्या दिवसापासून आमच्या घरात मी खोलीत शिरले की बोलणं थांबायला लागलं. ओट्यावर बैठक बसलेली असायची, मी चहाचा ट्रे घेऊन गेले की सगळे एकदम पावसापाण्यावर यायचे. ट्रे ठेवून मी वळले की पुन्हा सुरू. मी भावाला फोन केला तर कुणीतरी शेजारी येऊन पोथी शोधल्यासारखं करायचं. माझ्या नवऱ्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, तुझा भ्रम आहे. माझ्या नवऱ्याला घरात काय चाललंय हे नेहमीच सगळ्यांत शेवटी कळतं.

मला त्यांच्या मतांशी काडीचं देणंघेणं नव्हतं. दिवसभर मी सावली नसलेल्या घोड्याचा विचार करत होते. तरी मी ट्रे घेऊन गेले की बारा बाप्ये पावसावर बोलायचे.

आणि तेव्हाच आबा आजारी पडले. छातीत कळ आली, नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं, मग घरी आणलं. भावाने फोनवर सांगितलं, तुझी आठवण काढतात. मी मामंजींना विचारलं. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "निवडणूक होऊ द्या, सूनबाई. मंग चार दिवस ऱ्हावून या." भाऊ मला न्यायला येऊ शकत नव्हता. विरोधी पॅनलचा माणूस ओट्यावर बसलेला दिसला असता तर मामंजींच्या बैठकीत बोभाटा झाला असता. मुराळ्याची वाट बंद झाली.

त्या दिवसांत मी एक ओळही लिहिली नाही. भाकरी थापताना मला रडू यायचं आणि रडण्यापेक्षा राग जास्त यायचा. बाप खाटेवर पडलेला आणि मी कुणाच्या तरी मतांपायी इथे अडकलेली. आत्याबाई बघत होत्या. एका दुपारी त्यांनी स्वतःहून विचारलं, "राणी काय करून राहिली?" मी म्हटलं, राणीला तिच्या माहेरी जाऊ देत नाहीत, म्हणून ती काहीच करत नाही.

रात्रीच्या जेवणाला मामंजी बसले तेव्हा आत्याबाई वाढता वाढता म्हणाल्या, "तिचा बाप खाटंवर हाय. उद्या काही कमीजास्त झालं तर लोकं तुमच्या तोंडात शेन घालतेन. मंग मागा मतं." मामंजींनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ताट आपटतात. पण ते शांतपणे म्हणाले, "जाऊ द्या मंग. दोन दिवस." इतक्या लवकर ते माझ्या लग्नानंतर कशालाच हो म्हणाले नव्हते. आनंदात मला त्याचं आश्चर्य वाटायचं राहून गेलं.

सकाळी आत्याबाईंनी शिदोरी बांधली. आबांना आवडतात म्हणून ज्वारीच्या धपाट्यांची चळत, वर शेंगदाण्याची चटणी. बांधता बांधता त्या सुस्कारा टाकून म्हणाल्या, "वाडीवाल्यांची मतं गेली बाई आपल्या हातची. त्यांनी तिकडच्यांना शबुद देऊन टाकला म्हनं. आता तुझे मामंजी तिकडं फिरकत बी न्हाईत." वाडी म्हणजे बाळापूरपासून जवळचीच, सभासदांची मतं भरपूर असलेली. मला भरून आलं. सगळ्या घराने माझ्यासमोर तोंडं शिवून घेतलेली असताना या एकट्या बाईने माझ्यासमोर घरातलं बोलून दाखवलं होतं. मी मनाशी ठरवलं, जीव गेला तरी हे तोंडातून बाहेर काढायचं नाही. गाडीत बसले तेव्हा शिदोरी मांडीवर होती आणि या घरात आपलं एक तरी माणूस आहे याचं मला फार सुख वाटत होतं.

दोनदा गाडी बदलून मी शिरडला उतरले. दारात वहिनीने मला थांबवलं, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं. मी उंबरा ओलांडायच्या आत भाऊ मागून आला आणि म्हणाला, "वाडीचं काय चाललंय तुमच्याकडं?"

मी म्हटलं, दादा, मला आत तर येऊ दे.

"तसं न्हाई, इचारलं आपलं. तुझे सासरे वाडीला जाऊन राहिले का न्हाई एवढंच सांग."

मी म्हटलं, मला माहीत नाही. वहिनीच्या हातात तो तुकडा अजून तसाच होता. तीही उत्तरासाठीच थांबली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आबा मधल्या खोलीत खाटेवर होते. अर्धे झाले होते. मी त्यांच्या पायाशी बसले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी धपाटा दुधात कुस्करून भरवला. भाऊ दोनदा आत डोकावून गेला. आबांनी त्याला हाताने बाहेर जायची खूण केली तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना राणीबद्दल सांगायला लागले. म्हटलं, आबा, मी तुमचं राज्य लिहून काढतेय. डोंगरवाल्यांच्या लेकीच्या कमरेला किल्ली आहे, आता पुढे काय करू?

आबा हसले. मग दाराकडे पाहून आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, दादाला नको सांगू. मला सांग. वाडीवाले कोनाकडं हायेत?"

मी आबांच्या तोंडाकडे बघत राहिले. कालव्यावरचं ऊन, बाभळ, डबा, सगळं त्या तोंडात होतं आणि ते तोंड माझ्याकडून वाडीच्या मतांची वाट पाहत होतं. त्यांना निवडणुकीला उभं राहायचं नव्हतं, मत द्यायलाही कुणीतरी उचलून नेलं असतं तरच गेले असते. तरी त्यांना ते हवं होतं. लहानपणी त्यांनी मला किती वेळा विचारलं असेल, फितूर कोण, आणि आता तो फितूर मी असावं अशी त्यांची मनापासून इच्छा होती. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, आबा, चहा ठेवते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा भाऊ जीप घेऊन आधीच गेलेला होता. वहिनी म्हणाली, ते वाडीला गेले.

बाळापूरला पोचले तेव्हा आत्याबाई अंगणात वाळलेली हळद निवडत होत्या. आबा कसे आहेत हे त्यांनी विचारलं, पण माझं उत्तर पुरतं व्हायच्या आत दुसरं विचारलं.

"तिकडं वाडीचं इचारलं आसंल ना?"

"विचारलं. दादानं विचारलं, आबांनीपण विचारलं."

"मंग?"

"मी एक शब्द काढला नाही आत्याबाई." मला वाटलं आता त्या माझ्या तोंडावरून हात फिरवतील.

त्यांचे हळदीतले हात थांबले. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी दूध उतू घालवून उभी आहे. "काहीच न्हाई सांगितलं?"

"नाही."

"मंग धाडलं कशाला व्हतं तुला?"

त्यांनी मला समजावून सांगितलं तेही हळद निवडत, वैतागून, अगदी कादंबरीचा अर्थ सांगायच्या त्याच आवाजात. वाडी आमच्याच हातात होती, पण कच्ची होती. समोरच्यांनी एक फेरी मारली असती तर फुटली असती. वाडी त्याच्याच पॅनलला मिळाली असं माझ्या भावाला वाटलं असतं तर त्याने तिकडे जायचा त्रास घेतला नसता. म्हणून मला माहेरी सोडायचं, जाताना कानात घालायचं. पोरगी बापाजवळ गेली की बोलणारच, यात आत्याबाईंना शंकाच नव्हती. मामंजींनाही नव्हती. मी बोलले नाही, तेव्हा दादा जीप काढून वाडीला गेला.

मी विचारलं, "आणि आबांचं आजारपण? त्यासाठी नाही का पाठवलं?"

"त्याच्यासाठी बी पाठवलं," त्या म्हणाल्या. "दोन्ही व्हतंय की एका फेरीत."

निवडणूक झाली, वाडी फुटली, मामंजी पडले. मामंजींनी महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं, कारण त्यांच्या मते वाडी कच्ची असल्याचं मीच माहेरी सांगितलं. आत्याबाई धुसफुसत राहिल्या, कारण मी काहीच सांगितलं नाही. माझ्या भावाने त्या दिवाळीला मला न्यायला मुराळी धाडला नाही, कारण वेळेला बहीण कामी आली नाही. नवऱ्याने मला विचारलं, घरात सगळे गप्प गप्प का आहेत? आबा पुढच्या उन्हाळ्यात गेले. वाडीचं त्यांनी पुन्हा काढलं नाही आणि मीही राज्याचं काढलं नाही.

लिहायला बसले ते त्यानंतरच. कागद आता आणखी झाले होते, पडलेल्या निवडणुकीची पत्रकं जुन्यांपेक्षा जास्त उरली होती. इतक्या वर्षांचा माझा बेत मी मोडला. फितूर हा शब्द शोधून शोधून खोडला. शेवटचा अध्याय लिहिला: खाली बापाची फौज, वर नवऱ्याचं घराणं, दोन्हीकडून निरोप येताहेत, आणि राणीच्या हातात चोरदरवाजाची किल्ली. एकानेही तिला ती जेवली का हे विचारलेलं नाही. राणी सज्ज्यातून उतरते, चालत जाते आणि किल्ली विहिरीत टाकून देते.

आत्याबाई पदर सावरून ऐकायला बसल्या. मी वाचलं. अध्याय संपला. मला वाटलं या एका वेळी त्या अर्थ सांगणार नाहीत. त्यांनी मान खाली घातली, आणि मला खरंच वाटलं की त्यांना ते लागलं.

मग त्यांनी मान वर केली.

"कोनत्या हिरीत?" त्यांनी विचारलं. "आपल्या का त्यांच्या?"